झडलेली टोपी कशाने काढावी?



तुमच्या नेमबाजी चमूतल्या दोघांनी मला पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायची तर तिच्या बुडातली जुनी, झडलेली टोपी आधी काढावी लागते. ती काढायला कोणते हत्यार चांगले? त्यातल्या एकाने प्रश्नाखाली आपले उत्तरही लिहून टाकले आहे: बारीक खिळा आणि हातोडी. माझी हयात सैन्यात आर्मरर म्हणून बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात गेली, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला हे ठीकच झाले. खिळा-हातोडीचे उत्तर वाचले आणि चार ओळींचे पत्र न पाठवता सविस्तरच लिहावे असे ठरवले.

हत्यार कोणते घ्यायचे ते पुंगळी सांगते. तिला दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, तुझी टोपी खरोखर झडली आहे का? दुसरी, तुझ्या बुडाला भोके किती आणि कुठे? ही दोन उत्तरे मिळण्याआधी घेतलेले हत्यार कितीही महागाचे असो, ते एक तर मोडते, नाही तर पुंगळी बिघडवते. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर डोळा जातो.

कायद्याचे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे भरलेले काडतूसच तेवढे परवान्याचे, बाकी सगळे खेळणे, असे नाही. रेंजवर झाडलेल्या गोळ्यांइतकी खोकी मोजून परत द्यावी लागतात ती उगाच नाही. (सैन्यात पुंगळीला खोका म्हणतात, तुमचे उस्तादही तसेच म्हणत असतील.) तेव्हा हा लेख समजून घेण्यासाठी आहे. हाताने करण्याची वेळ येईल ती परवाना असलेल्या नेमबाजाच्या किंवा शस्त्रशाळेच्या मेजावर, जाणत्या माणसाच्या देखत.

आता टोपी म्हणजे काय ते पाहू, आणि त्यासाठी तुम्हाला मी राहतो त्या गावी, तंजावरला नेतो. इथे जुन्या किल्ल्याच्या पूर्वेच्या बाजूला एका उंचवट्यावर राजगोपाल नावाची अजस्र तोफ आहे. त्या जागेला लोक बीरंगी मेडु म्हणतात. मेडु म्हणजे उंचवटा आणि बीरंगी म्हणजे तोफ. हा शब्द आपल्या 'फिरंगी'चाच भाऊ. आपल्याकडे फिरंग्यांची म्हणून तलवारीला फिरंग नाव पडले, तमिळमध्ये तेच नाव तोफेला चिकटले. तोफ रघुनाथ नायकाच्या काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला आले तेव्हा ती इथे होतीच. लांबी पंचवीस फुटांच्या आसपास, तोंडाचा व्यास सुमारे दोन फूट, वजन वीस टनांहून जास्त. ती ओतीव नाही. आत लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या लावून वरून तापवलेल्या कड्या चढवून घडवलेली आहे. एवढे लोखंड तापवून, ठोकून एकजीव करणारे लोहार कसे असतील याचा विचार मी तिथे गेलो की दर वेळी करतो.

अशा तोंडाकडून भरायच्या तोफेला एवढ्या जाड अंगातून आतल्या दारूपर्यंत आग न्यायला एकच बारीक वाट असते. तिला आपण तोफेचा कान म्हणतो. कानात रंजक, म्हणजे बारीक वाटलेली दारू घालायची, बत्ती लावायची, आणि ती ठिणगी कानातून आत उतरून मुख्य दारू पेटवते. प्रत्येक बारानंतर कानात राख, काजळी आणि अर्धवट जळालेला मळ साचतो. कान तुंबला की तोफ मुकी. शत्रूची तोफ निकामी करायची तर ती फोडावी लागत नसे; कानात खिळा ठोकला की पुरे.

म्हणून गोलंदाजाच्या कमरेला कानाची हत्यारे असत, आणि एक नव्हे, दोन. एक दाभणासारखी सरळ टोकदार सळई. कानातून खाली घालून दारूची थैली टोचायची, म्हणजे रंजकाची आग थेट दारूला भिडते. दुसरे बारीक गिरमिट. कानात घट्ट बसलेला मळ सळईने रेटला तर तो आणखी आत दडपला जाई; गिरमिट त्याला पोखरून वर काढी. भोक तेच, पण काम वेगळे म्हणून हत्यार वेगळे. आणखी एक नियम कडक होता. तोफेच्या नळीत ओला बोळा फिरवताना एका माणसाने अंगठ्यावर कातड्याचे टोपण चढवून कान दाबून धरायचा. नाही तर कानातून हवा खेळून आतला निखारा फुलतो आणि पुढची थैली भरणाऱ्याचे हात जातात. 'झाले, आता आत काही पेटते नाही' असे धरून चालायचे नाही, हे तेव्हाही शिकवले जात होते. चकमकीच्या बंदुकीच्या काळात हेच दाभण लहान होऊन शिपायाच्या पट्ट्याला साखळीने लटकू लागले. सोबत एक छोटा ब्रश असे.

मग १८०७ साली स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोरसिथ या पाद्रीबुवांनी एक पेटंट घेतले. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीचा रंजक भडकला की गोळी सुटायच्या आधीच पक्षी उडून जात. त्यांनी ठोका बसताच पेट घेणारे रसायन वापरायची युक्ती काढली. पुढे ते रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरले गेले आणि 'टोपीची बंदूक' आली. १८५७ ची प्रसिद्ध एन्फील्ड ही टोपीचीच. १८६० च्या दशकात ही टोपी बंदुकीवरून निघून काडतुसाच्या बुडात जाऊन बसली. थोडक्यात, तोफेचा कान आणि त्यातला रंजक आता प्रत्येक काडतूस स्वतःबरोबर घेऊन फिरते. इंग्रजीत प्रायमर, आपल्याकडे टोपी. जुने आर्मरर अजून 'कॅप' म्हणतात आणि ती काढण्याला 'डीकॅपिंग'. तुमचा प्रश्न म्हणजे त्या गोलंदाजाचाच प्रश्न आहे, फक्त दोन-अडीच मिलिमीटरवर आलेला.

आता पुंगळीला विचारायच्या दोन प्रश्नांपैकी पहिला. टोपी झडली आहे का? घोडा पडला, पिनेचा खड्डा उमटला, म्हणजे टोपी झडली असे नव्हे. ठोका हलका पडला असेल, रसायन दमट झाले असेल, तर खड्डा दिसतो आणि टोपी जिवंत असते. गोळी जागच्या जागी असलेल्या, खड्डा पडलेल्या काडतुसाला कोणतेही हत्यार लावायचे नाही. रेंजवर असे झाले तर नळी निशाणाकडेच ठेवायची आणि किमान तीस सेकंद थांबायचे, कारण कधी कधी उशिराने बार होतो. मग रेंज अधिकारी सांगेल तसे ते त्याच्या ताब्यात द्यायचे. गोळी नाही, पण टोपीवर खड्डाही नाही, अशी पुंगळी सापडली तर तिची टोपी जिवंत समजायची आणि तीही परत करायची. या लेखातली सगळी हत्यारे झडलेल्या टोपीसाठी आहेत. जिवंत टोपीवर हातोडी चालवणे म्हणजे बंदुकीशिवाय बंदूक झाडणे. टोपीचे कवच लहान असले तरी उलट दिशेने उडाले की चामडीत घुसते, आणि माणूस नेमका त्यावर वाकून पाहत असतो.

दुसरा प्रश्न भोकांचा. इथे तुम्हा मुलांना थोडी निराशा पत्करावी लागेल. तुम्ही शाळेत आणि एनसीसीत झाडता ते .२२ चे काडतूस. त्याच्या बुडाकडे नीट पाहा: मधोमध वेगळी टोपी नाही. पिनेचा ठसा कडेला, काठावर उमटलेला असतो. ठोक्याचे रसायन त्या दुमडलेल्या पोकळ काठातच भरलेले असते आणि ठोक्याने काठ चेपला जातो. काढायला टोपीच नाही, आणि चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही. खिळा, हातोडी, प्रेस, काहीही आणा, .२२ ची पुंगळी एकदा झाडली की फक्त पितळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. तो सामनाही .२२ चाच असतो.

टोपी मधोमध असलेल्या काडतुसांत दोन घराणी आहेत आणि दोन्हींचा जन्म १८६६ च्या सुमाराचा. एक एडवर्ड बॉक्सर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे, दुसरे हायरम बर्डन या अमेरिकन माणसाचे. टोपीतले रसायन चिरडायला पिनेच्या विरुद्ध बाजूला एक ऐरण लागते. बॉक्सरने ती ऐरण टोपीच्या आत बसवली. त्यामुळे पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक ठेवता आले, सुमारे २ मिलिमीटरचे. बर्डनने ऐरण पुंगळीच्याच पितळात उठवली. मग मध्ये भोक कसे ठेवणार? त्याने ऐरणीच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके ठेवली. गंमत अशी की इंग्रजाची बॉक्सर पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची बर्डन पद्धत युरोपातल्या फौजांनी आणि खुद्द ब्रिटिश लष्कराने. ली-एन्फील्डच्या .३०३ च्या लष्करी पुंगळ्या बर्डनच्या. त्याच .३०३ ची बाजारासाठी केलेली काडतुसे मात्र बॉक्सरची असतात. म्हणून बुडावरचा कॅलिबरचा आकडा वाचून हत्यार निवडू नका. विजेरी घ्या, पुंगळीच्या तोंडातून आत पाहा. मधोमध एक भोक दिसले तर बॉक्सर, दोन बारीक डोळे दिसले तर बर्डन. दोन सेकंदांचे काम आहे.

हे दोन सेकंद कोणी वाचवले तर काय होते ते मी पाहिले आहे. माझ्या हाताखाली एक नवा मुलगा होता, हाताला जोर भरपूर. मिसळलेल्या पुंगळ्यांच्या डब्यातून तो एकेक काढून प्रेसवर ठेवत होता. एकाच दुपारी त्याने तीन पिना मोडल्या आणि तिन्ही वेळा पिनेला नावे ठेवली. तिन्ही पुंगळ्या बर्डनच्या होत्या. पिन बिचारी भोक शोधत होती आणि तिला भेटत होती ऐरण.

बॉक्सर पुंगळीपुरते बोलायचे तर काम सोपे आहे: आतून, भोकातून, भोकापेक्षा जरा बारीक पिन घालून टोपी मागे ढकलायची. ती ढकलायची चार साधने आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

पहिले, सुंबा आणि ठोकळा. पुंगळीचे बूड ठोकळ्यावर टेकते, टोपीच्या खाली ठोकळ्यात भोक असते, आतून सुंबा घालून वरून हलका ठोका द्यायचा. तुमचा खिळा म्हणजे याचीच अडाणी आवृत्ती. फरक हा की सुंब्याचा दांडा पुंगळीच्या गळ्यात जवळजवळ मापाने बसतो, म्हणून टोक आपोआप मधोमध जाते. खिळा वाकडा शिरतो, भोकाचा काठ फाडतो. भोक मोठे किंवा वाकडे झाले की त्या पुंगळीतली आग दर वेळी वेगळी लागते आणि पाटीवरचा गट विस्कटतो. शिवाय खिळा ठोकताना बूड बहुधा हातात किंवा लाकडावर असते. टोपीला मागे जायला जागाच नसते. सुंबा-ठोकळा स्वस्त, खिशात मावणारा, पंचवीस-तीस पुंगळ्यांना पुरेसा. त्याहून जास्त असतील तर कंटाळा येतो आणि कंटाळलेल्या हाताचा ठोका तिरका पडतो.

दुसरे, हातातले डीकॅपर. दिसायला मोठ्या पकडीसारखे. पुंगळी त्यात अडकवायची आणि मूठ दाबायची. याला मेज लागत नाही, आवाज होत नाही. मला आवडते ते एका कारणाने: टोपी किती घट्ट बसली होती ते तळहाताला कळते. ते कळणे का महत्त्वाचे ते शेवटी सांगतो. शंभरेक पुंगळ्यांनंतर मात्र मनगट बोलू लागते.

तिसरे, मेजावर जखडलेली प्रेस आणि तिच्यात बसवलेली फक्त टोपी काढणारी डाय. हिला युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय म्हणतात, कारण ती पुंगळीच्या भिंतीला स्पर्शच करत नाही. आत फक्त पिन असते, म्हणून एकच डाय अनेक कॅलिबरांना चालते. पुंगळी काजळलेली, वाळू लागलेली असली तरी बिघडत नाही. जोर सरळ रेषेत लागतो. माझी निवड विचाराल तर हीच.

चौथे, पुंगळीला पुन्हा मापात आणणारी डाय. हिच्या पोटातच टोपी काढायची पिन असते. एका दाबात दोन कामे होतात, म्हणून घाईच्या माणसाला ही मोहात पाडते. पण रेंजवरच्या मातीत पडलेली पुंगळी तशीच या डायमध्ये कोंबली की वाळूचा एक कण पोलादाच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर छापला जातो. आधी धुऊन मग घालावी, तर टोपी आत असल्याने टोपीचे घर धुतले जात नाही, आणि तिथे पाणी अडकते ते वेगळेच. म्हणून आधी वेगळ्या पिनेने टोपी काढावी, मग पुंगळी धुवावी, वाळवावी, मग मापाच्या डायला द्यावी. एक पायरी वाढते. मला ती वाढलेली बरी वाटते.

कोणतेही साधन घ्या, खरी पारख पिनेची करा. पिन स्क्रूने जखडलेली आहे की चिमट्यासारख्या कोलेटमध्ये धरलेली आहे? कोलेटमधली पिन जोर जास्त झाला की वर सरकते, जखडलेली मोडते. त्या हाताखालच्या मुलाजवळ कोलेटची पिन असती तर तीनही वाचल्या असत्या आणि त्याला पिना सरकताना पाहून काही तरी चुकते आहे हे पहिल्यांदाच कळले असते. पिनेची जाडीही मोजून घ्या. नेहमीचे भोक २ मिलिमीटरचे, पण अचूक नेमबाजीसाठी केलेल्या काही पुंगळ्यांचे दीडच असते. तिथे नेहमीची पिन घातली तर ती भोकात रुतून बसते आणि बाहेर काढताना पुंगळीसकट येते. सुट्या पिना जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. ही एकच वस्तू या सगळ्यात खर्च होणारी आहे.

छर्ऱ्याच्या १२ बोर काडतुसाचे प्रकरण सोपे. त्याची टोपी मोठी असते, आपल्याच धातूच्या पेल्यात ऐरणीसकट बसलेली. आतून जाड दांड्याने दाबली की अख्खा पेला बाहेर येतो. बारीक पिन तिथे वापरू नये, ती टोपीच भोसकते आणि पेला जागच्या जागी राहतो.

लष्करी पुंगळ्यांत आणखी एक अडचण येते. मशीनगनच्या हिसक्याने टोपी सैल होऊन बाहेर येऊ नये म्हणून कारखान्यात तिच्याभोवतीचे पितळ चेपून टोपीवर दाबलेले असते. टोपीभोवती गोल खाच किंवा तीन-चार टोचे दिसले की ओळखा. अशी टोपी पहिल्यांदा काढताना चांगलाच जोर लागतो, म्हणून पातळ पिनेचे हातातले डीकॅपर इथे नको. प्रेस किंवा भक्कम सुंबा-ठोकळा घ्या. टोपी निघाली तरी चेपलेला काठ राहतो आणि नवी टोपी आत जाऊ देत नाही. तो काढायला दोन मार्ग. एक रीमरने कापणे, दुसरा पोलादी गुंडीने आतून दाबून काठ मागे सारणे. कापणे जलद होते, पण हात किंचित जास्त फिरला की टोपीचे घर कायमचे सैल झाले. दाबण्यात पितळ जात नाही. मी दाबण्याच्या बाजूचा आहे, जरी त्याचे साधन महाग पडते.

बर्डनच्या पुंगळीला मधून ढकलता येत नाही, तेव्हा दोनच वाटा उरतात. बाहेरून: टोपीच्या काठाजवळ टोकदार आकडा रुतवून, तरफेने उचकटून काढायची, जशी बाटलीचे बूच उचकटतो. यात आकडा खोल गेला की खालची ऐरण खरवडली जाते आणि ऐरण गेली की पुंगळी गेली. आतून: पुंगळी पाण्याने काठोकाठ भरायची, ठोकळ्यावर ठेवायची, गळ्यात घट्ट बसणारा दांडा लावून एक ठाम ठोका द्यायचा. पाणी दाबले जात नाही, त्याला वाट फक्त त्या दोन भोकांतून; ते टोपीला मागून ढकलते आणि टोपी निघते. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पास्कलचा नियम तो हाच. अंगावर पाणी उडते, मेज भिजते, दहातली एखादी टोपी हटून बसते. पण ऐरणीला धक्का लागत नाही. ज्याच्याकडे पाच-दहाच बर्डन पुंगळ्या आहेत त्याने त्या भंगारात द्याव्यात, असा माझा सरळ सल्ला आहे. त्या दुर्मिळ कॅलिबरच्या असतील तरच पाण्याची खटपट करावी.

आता मळाविषयी. निघालेल्या टोपीबरोबर जी काळी भुकटी पडते तिच्याकडे कोणी पाहत नाही. जुन्या लष्करी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचेच भावंड. मिठासारखेच ते हवेतला ओलावा ओढते. म्हणून .३०३ च्या काळात शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत. मीठ तेलाने विरघळत नाही, पाण्याने विरघळते. कावेरीच्या या खोऱ्यात हवा इतकी दमट असते की स्वयंपाकघरातले मीठ पावसाळ्यात पाणी सोडते, तिथे पोलादी पिनेची आणि प्रेसच्या बुडाची काय कथा. जुन्या टोप्या काढल्यावर हत्यार आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, आणि शेवटी तेलाने पुसावे. त्याहून जुन्या, मर्क्युरी फल्मिनेटच्या टोप्यांतला पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो. अशा पुंगळ्या संग्रहात ठेवाव्यात, भरू नयेत.

आजच्या बहुतेक टोप्यांत लेड स्टिफ्नेट असते. बंदुकीला ते गंजवत नाही, पण ती भुकटी शिशाची आहे आणि शिसे शरीरात साचत जाते. म्हणून साधन निवडताना झडलेली टोपी पडते कुठे, हेही पाहावे. उघड्या ताटलीत टपटप पडून भुकटी उडवणाऱ्या प्रेसपेक्षा नळीतून बंद बाटलीत टोप्या सोडणारी प्रेस चांगली. भुकटी फुंकू नये, कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. त्या मेजावर चहाचा पेला ठेवू नये. हात साबणाने धुवावेत, मग काय खायचे ते खावे. लहान भावंडे त्या चकचकीत टोप्या खेळायला उचलतात. बाटलीला झाकण हवे.

पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगायचे तर, परवाना असलेल्या नेमबाजाने महिन्याला पन्नासेक बॉक्सर पुंगळ्यांसाठी हातातले डीकॅपर घ्यावे. शेकड्यांनी असतील तर प्रेस आणि युनिव्हर्सल डाय, पिन कोलेटमधली. लष्करी पुंगळ्या असतील तर प्रेसच, आणि काठ दाबायचे साधन वेगळे. तुम्ही मात्र तूर्त विजेरी घ्या. रेंज अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मोजणीतल्या वेगवेगळ्या झाडलेल्या पुंगळ्यांच्या पोटात डोकावा, भोके मोजा आणि घराणे ओळखा. उस्तादांना सांगून एखादी झडलेली पुंगळी करवतीने उभी चिरून घेतली तर ऐरण, भोक आणि टोपीचे घर एका नजरेत दिसेल.

हातातले डीकॅपर मला का आवडते ते सांगायचे राहिले. टोपी निघताना थोडी अडली पाहिजे. पिन टेकताच ती विनातक्रार निसटून पडली तर टोपीचे घर दाबाने ताणले गेले आहे. त्यात बसवलेली नवी टोपी सैल बसेल आणि बार होताना तिच्या कडेने गरम वायू मागे, बंदुकीच्या यंत्रात आणि नेमबाजाच्या तोंडाकडे येईल. मोठ्या प्रेसच्या लांब दांड्याला हा फरक जाणवत नाही, तळहाताला जाणवतो. प्रेस वापरणाऱ्याने म्हणून टोपी काढल्यावर प्रत्येक पुंगळी उजेडात धरावी: टोपीच्या घराभोवती काजळीचा धूर उमटला आहे का, बुडाच्या जरा वर चकाकती रेघ किंवा चीर दिसते का, भोकाचा काठ अखंड आहे का. यातले काहीही दिसले तर ती पुंगळी वेगळ्या डब्यात टाकावी, पक्कडीने तिचे तोंड चेपावे म्हणजे ती चुकून परत मेजावर येणार नाही, आणि मोजून भंगारात जमा करावी.